फ्रान्झ बोआस : मापपट्टीच तपासून पाहणारे शास्त्रज्ञ

तुम्ही दिसता तर हिंदी लोकांसारखे, मग यहुदी कसे? हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी ऐकावा लागला आहे. कोणी बसमध्ये विचारतो, कोणी कामावर, तर कोणी मुलाच्या लग्नाची बोलणी चालू असताना. विचारणारा दर वेळी वाईट मनाचा असतो असे नाही. परंतु माणसाचा धर्म, स्वभाव, बुद्धी आणि लायकी ही सारी त्याच्या रक्तात असून ती चेहऱ्यावरून ओळखता येतात, अशी एक जुनी समजूत त्याच्या मनात घर करून असते. ही समजूत काही अडाणी लोकांनी पसरवलेली नव्हे. एके काळी मोठमोठ्या विद्यापीठांत ती शास्त्र म्हणून शिकवली जात असे. ती खोडून काढण्यात ज्यांनी आयुष्य वेचले त्या डॉ. फ्रान्झ बोआस यांची माहिती आपल्या वाचकांना व्हावी म्हणून हा लेख. ते जन्माने यहुदी होते आणि स्वतः देशांतर केलेले होते.

बालपण व शिक्षण

बोआस यांचा जन्म ता. ९ जुलै १८५८ रोजी जर्मनीच्या वेस्टफालिया भागातील मिंडेन या गावी झाला. वडील मायर बोआस व्यापारी होते. आई सोफी यांनी गावात फ्रोबेलच्या पद्धतीची बालवाडी काढली होती. आजी-आजोबांच्या घरी शब्बाथ व सण नेमाने पाळले जात. आईवडील मात्र १८४८ च्या क्रांतीच्या विचारांनी भारलेले होते व धर्माचे बंधन त्यांनी सैल केले होते. सोफीबाईंचे मेहुणे डॉ. अब्राहम जेकोबी यांना त्या क्रांतीपायी तुरुंगवास घडला व पुढे ते अमेरिकेत जाऊन नामांकित डॉक्टर झाले. हेच जेकोबी काका पुढे फ्रान्झच्या उपयोगी पडले.

फ्रान्झचे शिक्षण हायडेलबर्ग, बॉन व कील येथे झाले. त्या काळच्या जर्मन विद्यार्थ्यांत तलवारीने द्वंद्व खेळण्याची चाल होती. बोआस यांच्या चेहऱ्यावर त्या द्वंद्वांचे व्रण जन्मभर राहिले. त्यांतील निदान एक द्वंद्व यहुद्यांविषयी काढलेल्या अपशब्दांवरून झाले, असे सांगतात. १८८१ साली कील विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. विषय होता पाण्याचा रंग, म्हणजे पदार्थविज्ञानाचा. पाण्याचा रंग ठरवताना त्यांच्या ध्यानात आले की, पाहणाऱ्याची नजर हीदेखील हिशेबात घ्यावी लागते. पुढे माणसांचा अभ्यास करताना हा धडा त्यांनी कधी विसरला नाही.

बर्फातले वर्ष

१८८३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, बोआस उत्तर ध्रुवाकडील बॅफिन बेटावर गेले. सोबत विल्हेल्म वायके नावाचा घरचा नोकर होता. तेथील इन्युइट लोक, ज्यांना त्या वेळी एस्किमो म्हणत, कोणत्या वाटांनी हिंडतात व त्याचा भूमीशी काय संबंध आहे, हे पाहून नकाशे करायचे होते. त्या हिवाळ्यात रोगाने कुत्री मेली, त्यामुळे बर्फावरून कित्येक मजल पायीच करावी लागली. डिसेंबरच्या अंधारात एकदा वाट चुकून मंडळी चोवीस तासांहून अधिक काळ चालत राहिली. अखेर इन्युइटांच्या बर्फाच्या घरातच त्यांना ऊब व अन्न मिळाले.

शिकार मिळाली की सारे वाटून खातात आणि नाही मिळाली की सारे मिळून उपाशी राहतात, हे बोआस यांनी तेथे पाहिले. न्यूयॉर्कला असलेल्या आपल्या वाग्दत्त वधूसाठी, मारी क्राकोविट्सर यांच्यासाठी, ते रोज पत्ररूपाने लिहून ठेवत. ज्यांना आपण रानटी म्हणतो त्यांच्याहून आपण कोणत्या बाबतीत मोठे, असा प्रश्न त्यांनी त्यांत स्वतःलाच विचारला आहे. नकाशे काढायला गेलेला हा तरुण परत आला तो माणसांचा अभ्यासक होऊन.

परतल्यावर बर्लिनच्या संग्रहालयात त्यांना काम मिळाले. तेथे माणसाच्या शरीराची मापे शास्त्रशुद्ध रीतीने कशी घ्यावीत, हे ते प्रख्यात डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो यांच्याकडून शिकले. फिर्शो यांनी जर्मनीतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांच्या केसांची, डोळ्यांची व कातडीची नोंद करवली होती. तीत सोनेरी केसांची यहुदी मुले पुष्कळ निघाली, तर काळ्याभोर डोळ्यांची जर्मन मुलेही कमी नव्हती. शुद्ध जर्मन वंश म्हणून जो काही सांगितला जात होता, तो मोजायला गेल्यावर सापडेना.

नवा देश, नवे काम

जर्मनीत यहुदी तरुणाला प्राध्यापकाची जागा मिळणे कठीण होते. १८८७ साली बोआस न्यूयॉर्कला स्थायिक झाले व त्यांनी मारीशी विवाह केला. आरंभीची वर्षे ओढाताणीची गेली. एका विज्ञान साप्ताहिकात साहाय्यक संपादक, मग क्लार्क विद्यापीठात शिक्षक, मग शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात काम, मग पुन्हा बेकारी. परक्या उच्चाराने इंग्रजी बोलणाऱ्या, कोणापुढे न वाकणाऱ्या माणसाला नोकरी टिकवणे सोपे नव्हते. नव्या देशात शिक्षणाला साजेसे काम मिळेपर्यंत काय सोसावे लागते, हे आपल्या पहिल्या पिढीला वेगळे सांगायला नको. अखेर १८९६ साली न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात त्यांना जागा मिळाली. त्याच वर्षी ते कोलंबिया विद्यापीठात शिकवू लागले व १८९९ साली तेथे प्राध्यापक झाले.

याच काळात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासींमध्ये त्यांच्या फेऱ्या चालू होत्या. त्यांच्या भाषा त्यांनी लिहून काढल्या. १८८९ साली त्यांनी एक लहानसा पण फार महत्त्वाचा लेख लिहिला. रानटी लोक एकच शब्द दर वेळी वेगळा उच्चारतात, कारण त्यांची भाषा कच्ची आहे, असे तेव्हाचे पंडित म्हणत. बोआस यांनी दाखवले की दोष बोलणाराच्या जिभेत नसून ऐकणाराच्या कानात आहे. ऐकणारा नवा आवाज आपल्या भाषेतल्या आवाजांत बसवू पाहतो, म्हणून त्याला तो कधी असा तर कधी तसा ऐकू येतो. आपल्याला याचे उदाहरण घरातच आहे. येथे जन्मलेल्या नातवंडांना मराठीतला 'ळ' कधी 'ल' वाटतो तर कधी 'र'. म्हणून काही आजीचे मराठी कच्चे ठरत नाही!

एक काळा डाग

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्या चुका झाकू नयेत. १८९७ साली शोधप्रवासी रॉबर्ट पीअरी याने ग्रीनलंडहून सहा इन्युइट न्यूयॉर्कला आणले. अभ्यासासाठी एखादा माणूस आणावा, अशी सूचना बोआस यांनीच केली होती. संग्रहालयाच्या इमारतीत ठेवलेल्या या सहा जणांपैकी चार जण काही महिन्यांतच आजारी पडून दगावले. त्यांत किसुक नावाचा गृहस्थ होता. त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा मिनिक मागे राहिला. मुलाचे समाधान व्हावे म्हणून कातड्यात गुंडाळलेला लाकडाचा ओंडका प्रेत म्हणून पुरण्याचे नाटक करण्यात आले. खरी हाडे संग्रहालयाच्या कपाटात गेली. मोठेपणी मिनिकला हे कळले. त्याने बापाची हाडे मागितली, ती त्याला मिळाली नाहीत. बोआस यांनी त्या नाटकाचे समर्थनच केले. १९१८ साली मिनिक वारला. त्या चौघांची हाडे ग्रीनलंडच्या मातीत जाण्यासाठी १९९३ साल उजाडावे लागले. आदिवासींच्या दफनभूमीतून कवट्या उचलून आणण्याचे कामही बोआस यांनी तरुणपणी केले होते. माणसे सर्व सारखी, असे सांगणाऱ्या शास्त्रज्ञाला एका पोरक्या मुलाचे दुःख दिसू नये, ही त्यांच्या आयुष्यातील मोठी खोट आहे.

अठरा हजार माणसांची मापे

आता ज्या कामाने त्यांचे नाव सर्वत्र झाले त्याकडे वळू. १८८० नंतर रशिया, पोलंड, इटली वगैरे देशांतून लाखो लोक अमेरिकेत येऊ लागले. त्यांत पूर्व युरोपातले यहुदी फार मोठ्या संख्येने होते. हे लोक हलक्या वंशाचे, ते आपला देश बिघडवणार, अशी ओरड सुरू झाली. म्हणून १९०७ साली अमेरिकन काँग्रेसने सिनेटर डिलिंगहॅम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. देशांतर करून आलेल्यांच्या शरीराचा अभ्यास करण्याचे काम १९०८ साली बोआस यांच्याकडे आले.

त्या काळी वंश ठरवण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे डोक्याचा आकार, असे मानले जाई. डोक्याची रुंदी घ्यायची, तिला लांबीने भागायचे व शंभराने गुणायचे. आकडा ८० च्या वर गेला तर डोके गोल, ७५ च्या खाली आला तर लांबट. कातडीचा रंग उन्हाने बदलेल, उंची खाण्यापिण्याने बदलेल, पण डोक्याचा आकार पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही, असे सगळे धरून चालले होते. बोआस यांनी ठरवले की हेच तपासून पाहायचे. ज्या पट्टीने लोकांना मोजतात ती पट्टी तरी स्थिर आहे काय?

त्यांच्या मदतनिसांनी न्यूयॉर्कमध्ये यहुदी, सिसिलीचे व नेपल्सचे इटालियन, बोहेमियन, पोलिश, हंगेरियन व स्कॉटिश अशा एकूण १७,८२१ लोकांची मापे घेतली. युक्ती साधी होती. एकाच आईबापांची काही मुले जुन्या देशात जन्मलेली असत व काही अमेरिकेत. दोघांची तुलना करायची, आणि आई अमेरिकेत येऊन किती वर्षे झाल्यावर मूल जन्मले तेही नोंदवायचे.

निष्कर्ष पाहून खुद्द बोआस चकित झाले. पूर्व युरोपातल्या यहुद्यांची डोकी गोल असत. त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुले थोड्या लांबट डोक्याची निघाली. सिसिलीच्या लोकांची डोकी लांबट. त्यांची अमेरिकेतली मुले थोड्या गोल डोक्याची निघाली. आईचा मुक्काम जितका जास्त, तितका फरक जास्त. फरक फार मोठा नव्हता, पण जे मुळीच बदलत नाही म्हणून सांगितले जात होते ते एका पिढीत बदलले होते. हे कशामुळे घडते, हे निश्चित सांगता येत नाही असे बोआस यांनी प्रामाणिकपणे लिहिले. पुढे १९२८ साली त्यांनी मापांचे सारे आकडे छापून टाकले, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने स्वतः हिशेब करावा. तसा हिशेब खरोखरच झाला. २००२ साली काही संशोधकांनी त्याच आकड्यांवरून बोआस यांना दोष दिला, तर २००३ साली दुसऱ्यांनी पुन्हा गणित करून त्यांचा मुख्य निष्कर्ष टिकतो असे दाखवले. शंभर वर्षांनंतरही ज्याची वही उघडी आहे, त्याला खरा शास्त्रज्ञ म्हणावे.

त्याच १९११ साली त्यांचा 'द माइंड ऑफ प्रिमिटिव्ह मॅन' हा ग्रंथ निघाला. वंश, भाषा व संस्कृती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरी ठरत नाही, आणि कोणताही वंश जन्मतः बुद्धीने हलका नसतो, हे त्याचे सार.

दार बंद झाले

समितीने एकूण ४१ खंड छापले. बोआस यांचा अहवाल त्यांतला एक. पण समितीने शिफारस केली ती लोकांना अडवण्याचीच. पुस्तक छापले गेले, त्यातला बोध मात्र कोणी घेतला नाही. १९१६ साली मॅडिसन ग्रँट नावाच्या न्यूयॉर्कच्या धनिक वकिलाने उत्तर युरोपातला गोरा वंश बुडत चालल्याचा बोभाटा करणारे पुस्तक काढले. राज्यकर्त्यांना ते अधिक पटले. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाचा कोटा ठरला : १८९० च्या शिरगणतीत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या शेकडा दोन. वर्ष १८९० चेच का? कारण तोवर यहुदी, इटालियन व पोलिश लोक फारसे आलेले नव्हते.

आपल्या हिंदुस्थानी लोकांना तर १९१७ च्या कायद्यानेच दार बंद झाले होते. भगतसिंग थिंड नावाच्या शीख गृहस्थांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली ते गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारले.

या कोट्यांचा परिणाम हिटलर आल्यावर कळून आला. १९३९ साली सेंट लुई नावाची आगबोट नऊशेहून अधिक यहुदी निर्वासितांना घेऊन क्यूबापर्यंत आली. क्यूबाने बहुतेकांना उतरू दिले नाही, अमेरिकेनेही घेतले नाही. बोट युरोपला परतली आणि त्यांतली अडीचशेवर माणसे पुढे नाझींच्या हाती सापडून मेली. चुकीचे शास्त्र कागदावरच राहत नाही. त्यातून कायदा होतो, आणि कायद्यातून माणसाच्या जगण्यामरण्याचा निकाल लागतो. वंशावर आधारलेले ते कोटे १९६५ साली रद्द झाले. आपल्यापैकी ज्यांचे भाऊबंद अमेरिकेत स्थायिक झाले, त्यांतले बहुतेक त्यानंतरच गेलेले आहेत.

काळ्या लोकांची बाजू

बोआस यांनी केवळ यहुद्यांची वकिली केली असती तर त्यांच्या शास्त्राला तितकी किंमत आली नसती. १९०६ साली निग्रो पुढारी डॉ. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या आमंत्रणावरून ते अटलांटा विद्यापीठाच्या पदवीदान समारंभाला गेले. आफ्रिकेतील लोखंड गाळण्याची कला, तेथली मोठी राज्ये, तेथले बाजार यांची माहिती त्यांनी त्या तरुणांना दिली. गुलामांच्या नातवंडांना आपल्या पूर्वजांना इतिहास होता हे त्या दिवशी कळले. स्वतः ड्यू बॉइस यांनाही ते नवे होते व त्यांनी ते पुढे कबूल केले. बोआस यांच्या हाताखाली शिकलेल्यांत रूथ बेनेडिक्ट, मार्गारेट मीड, एडवर्ड सपीर, मेलव्हिल हर्सकोविट्स असे मोठे लोक झाले. झोरा नील हर्स्टन ही काळी लेखिकाही त्यांचीच विद्यार्थिनी. तिने न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत रस्त्यावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोक्याची मापे घेतली.

एके ठिकाणी मात्र बोआस यांचे म्हणणे आपल्याला पटण्यासारखे नाही. १९२१ साली त्यांनी असे लिहिले की, वेगळा यहुदी म्हणून कोणी उरलाच नाही तरच यहुदीद्वेष संपेल, आणि काळ्या-गोऱ्यांचे रक्त मिसळून गेले तरच काळ्यांचा प्रश्न सुटेल. म्हणजे द्वेष करणाराने सुधारावे याऐवजी ज्याचा द्वेष होतो त्यानेच नाहीसे व्हावे! जर्मनीत आपण केवळ जर्मन आहोत असे मानणाऱ्या यहुद्यांचे पुढे काय झाले, हे त्यांना स्वतःलाच पाहावे लागले.

उतारवयातील झुंज

त्यांचा स्पष्टवक्तेपणा त्यांना महाग पडे. पहिल्या महायुद्धात काही संशोधकांनी अभ्यासाच्या नावाखाली हेरगिरी केली, हे त्यांनी १९१९ साली एका साप्ताहिकात उघड केले. तेव्हा जी संस्था उभारण्यात त्यांचा हात होता, त्या मानवशास्त्रज्ञांच्या संस्थेनेच १० विरुद्ध २० मतांनी त्यांचा निषेध केला. घरीही दुःखामागून दुःख आले. १९२४ साली एक मुलगी पोलिओने गेली, १९२५ साली मुलगा अपघातात गेला, आणि १९२९ च्या डिसेंबरात पत्नी मारी मोटार अपघातात वारल्या.

१९३१ साली कील विद्यापीठाने पदवीच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त त्यांचा सन्मान केला. दोनच वर्षांनी, १९३३ साली, जर्मनीत जी पुस्तके जाळली गेली त्यांत त्यांची पुस्तके होती. पंचाहत्तरीच्या या वृद्धाने जर्मनीच्या अध्यक्षांना, हिंडेनबुर्ग यांना, उघड पत्र लिहिले. आर्य आणि आर्येतर या कल्पनेची पोकळी दाखवणारी त्यांची पुस्तिका चोरून जर्मनीत वाटली गेली. तेथून पळून आलेल्या विद्वानांना नोकऱ्या मिळवून देण्यासाठी ते अखेरपर्यंत खटपट करीत होते.

येथे एका महाराष्ट्रीय नावाची आठवण होते. 'युगान्त'च्या लेखिका इरावती कर्वे यांनीही १९३० च्या सुमारास बर्लिनला डॉक्टरेट केली. त्यांचे गुरू ऑयगेन फिशर हे पुढे नाझींच्या वंशकायद्यांचे पुरस्कर्ते ठरले. कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशावर अवलंबून असतो का, हे तपासण्याचे काम इरावतीबाईंना दिले होते. तसा काही संबंध आढळत नाही, असे त्यांनी गुरूंच्या मताविरुद्ध लिहून दिले. बोआस न्यूयॉर्कला जे सांगत होते तेच मराठी घरातली एक मुलगी बर्लिनमध्ये कवट्या मोजून सांगत होती.

ता. २१ डिसेंबर १९४२ रोजी कोलंबिया विद्यापीठात फ्रान्सहून निसटून आलेल्या पॉल रिव्हे यांच्या सन्मानार्थ भोजन होते. वंशवादाविषयी बोलता बोलताच बोआस खुर्चीत कोसळले व गतप्राण झाले. वय ८४ वर्षांचे होते. १९५० साली युनेस्कोने वंशाविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्याच्या लेखनात त्यांचे विद्यार्थी ॲशली माँटेग्यू यांचा मोठा वाटा होता.

आपल्यापुरते

बोआस यांचे म्हणणे असे की, निरनिराळ्या देशांतले यहुदी अंगाने आपापल्या शेजाऱ्यांसारखेच असतात. ते सगळे मिळून एक वंश नव्हेत. याचा आपल्याहून चांगला दाखला कोठे मिळणार? कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल काढीत, मराठी बोलत, शेजाऱ्यांसारखेच नेसत व दिसत. परंतु शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. शेमा, सुंता, शब्बाथ आणि खाण्याचे नियम त्यांनी शतकानुशतके जपले. हे काही कवटीच्या आकारातून आले नाही. आईने मुलाला आणि बापाने लेकाला शिकवले म्हणून ते टिकले. वेगळेपण न मिटवताही शेजाऱ्यांशी सलोख्याने राहता येते, हे बोआस यांना जे दिसले नाही ते आपल्या कोकणातल्या गावांनी दाखवून दिले.

येथे आल्यावर आपल्यालाही पट्टी लावली गेली. लग्नाच्या वेळी बेने इस्राएलांची कुळी तपासावी असे १९६२ साली फर्मान निघाले. आपली माणसे धरणे धरून बसली, आणि ता. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने आपण सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहोत असा ठराव केला. अलीकडे रक्ताच्या नव्या तपासण्या निघाल्या आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तशा एका अभ्यासात आपल्यात यहुदी व हिंदी असे दोन्ही अंश आढळले. ते वाचून कित्येकांना आनंद झाला, आणि तो स्वाभाविक आहे. पण प्रयोगशाळेने सांगितले म्हणून आपण यहुदी झालो नाही, आणि तिने उलट सांगितले असते तरी ते संपले नसते.

आणखी एक गोष्ट. आपल्यानंतरही या देशात नवे लोक आले. त्यांचा रंग, त्यांचा उच्चार, त्यांच्या चालीरीती पाहून आपल्याही घरात कधी कधी तोच प्रश्न निघतो, जो एके काळी आपल्याला बोचला होता. नातवंडे ते ऐकत असतात. अशा वेळी त्यांना डॉ. बोआस यांच्या त्या १७,८२१ माणसांची गोष्ट सांगावी.